वाघाचं करिअर आणि आमचं

निसर्ग छायाचित्रण हा व्यवसाय असू शकतो, हे आमच्या घराण्यात अद्याप कुणी मान्य केलेलं नाही. बँकेच्या फॉर्मवर मी तसं लिहिलं, तेव्हा काउंटरमागच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने ‘इतर’वर खूण केली. मामांची चौकशी त्याहून सखोल.

“काय करतोस हल्ली?”

“फोटोग्राफी.”

“लग्नाची?”

“नाही मामा, पक्ष्यांची. प्राण्यांची.”

“छान छान. आणि पोटापाण्याचं?”

मामांचा प्रश्न रास्त आहे. या धंद्यात पैसा नाही असं कुणी म्हणू नये. पैसा चिक्कार आहे. तो फक्त कॅमेऱ्याच्या पुढून आणि बाजूने वाहतो, मागच्या माणसापर्यंत येत नाही.

सुरुवात लेन्सपासून. सहाशे एमएमच्या एफ-फोर लेन्सचं वजन तीन किलोच्या आसपास आणि किंमत दहा लाखांच्या वर. वजन घरात सगळ्यांना ठाऊक असतं. किंमत सांगताना एक शून्य गळून पडतं. ही लेन्स जिप्सीच्या दांडीवर टेकवायला बीन बॅग लागते. रिकामी न्यायची आणि मुक्कामी तांदूळ भरायचे, अशी रीत आहे. मी एकदा ते तांदूळ परत घरी आणले. आईने ते निवडले, धुतले, भात लावला आणि म्हणाली, “तुझ्या वाघाच्या कृपेने घरात काही आलं, ते हेच.”

आता खुद्द वाघ. ताडोबा मंगळवारी बंद. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. उरलेल्या दिवसांचं बुकिंग तुमच्या आधी कुणीतरी करून ठेवलेलं असतं. त्यातून मिळालंच, तर प्रवेशाचे पैसे, जिप्सीचे पैसे, गाइडचे पैसे आणि मोठ्या लेन्सचे वेगळे पैसे. ताडोबाच्या वेशीवरच्या मोहर्ली गावातल्या पोरांना त्यातून काम मिळतं, ही आनंदाचीच गोष्ट. आत गेल्यावर वाघ दिसतो, पण त्याच वेळी तो आणखी बारा जिप्सींनाही दिसतो. ताडोबातले माझे निम्मे वाघ कुणाच्या ना कुणाच्या टोपीपलीकडे उभे आहेत. २०२४च्या अखेरीस उमरेड-कऱ्हांडल्यात जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना रस्त्यात असं घेरलं, की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. रस्ता ओलांडण्यासाठी वाघिणीलाही कोर्टाची मदत लागते, हे वाचून पुण्यातल्या पादचाऱ्यांना धीर यावा.

करिअर म्हणावं तर रणथंबोरच्या माछलीचं. जगात सर्वाधिक फोटो निघालेली वाघीण म्हणून तिची ख्याती होती. मगरीशी झुंजली, जिंकली आणि तेही कॅमेऱ्यासमोर. पर्यटनाला हातभार लावल्याबद्दल तिला जीवनगौरव पुरस्कार मिळाला आणि टपाल खात्याने तिच्यावर विशेष पाकीट काढलं. २०१६मध्ये ती गेली तेव्हा फुलं वाहून, विधिवत अंत्यसंस्कार झाले. तिचे फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांची नावं तुम्हाला आठवतात? मलाही नाही आठवत, आणि मी त्याच धंद्यातला आहे.

माकडही आमच्या पुढे आहे. इंडोनेशियातल्या एका काळ्या माकडाने एका ब्रिटिश छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि दात काढलेला स्वतःचा फोटो घेतला. फोटो जगभर गाजला. मग अमेरिकेतल्या एका प्राणिहक्क संघटनेने माकडाच्या वतीने स्वामित्वहक्काचा खटला भरला. कोर्टाने माकडाची बाजू मान्य केली नाही. तरी २०१७मध्ये तडजोड होऊन पुढच्या कमाईचा पाव हिस्सा माकडांच्या संवर्धनासाठी द्यायचं ठरलं. त्याच वर्षी छायाचित्रकार पत्रकारांना सांगत होता, की पैसे संपले आहेत, कुत्री फिरवायचं काम धरावं का, याचा विचार चालू आहे.

या व्यवसायात मेलेल्यालाही वाव आहे. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या जागतिक स्पर्धेत २०१७ साली मुंगीखाऊचा एक फोटो एका विभागात पहिला आला. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला, की हा मुंगीखाऊ बहुधा पेंढा भरलेला असावा. छायाचित्रकाराने ते नाकारलं, पण पारितोषिक गेलं. तोवर त्या पेंढ्याचं सहा महिने छान चाललं होतं. त्याच स्पर्धेत २०१६मध्ये मुंबईच्या नयन खानोलकरांच्या फोटोने शहरी विभाग जिंकला. आरे वसाहतीच्या परिसरातल्या एका गल्लीतून रात्री निघालेला बिबट्या. त्यासाठी खानोलकरांनी कॅमेरा लावून कित्येक महिने वाट पाहिली. बिबट्या तर रोजच्यासारखा घरी निघाला होता.

भिगवणला जा. उजनीच्या पाण्यात रोहित उतरले, की पूर्वी जाळी टाकणारी पोरं पहाटेच होड्या घेऊन तयार असतात. माझा नावाडी हवेकडे बघून सांगतो, “सर, थांबा. आत्ता लाइट उलटा आहे. दहा मिनिटांनी थवा डावीकडनं उठंल.” थवा डावीकडूनच उठतो. फोटो मी काढतो, म्हणजे बोट माझं असतं. होडीचे पैसे तो तिथल्या तिथे घेतो आणि मला मात्र तो फोटो विकायला पुढची काही वर्षं लागतात.

कारण विकायचा कुणाला? कॅलेंडरवाल्यांना फोटो हवा असतो, हॉटेलला भिंतीवर लावायला हवा असतो, सोसायटीच्या स्मरणिकेला मुखपृष्ठावर हवा असतो. सगळे एकच सांगतात : “पैसे नाही देता येणार, पण खाली तुमचं नाव छापू.” नाव तर आमचं वीजबिलावरही दर महिन्याला छापून येतं. हरकत नाही म्हणावं, तर कार्यक्रमाच्या दिवशी नाव चुकलेलं असतं आणि वरचा पक्षी आडवा ताणलेला असतो.

मग लेन्सचा हप्ता कोण भरतं? मामांना सांगू नका, पण लग्नंच भरतात. गोंदियाच्या भातखाचरांत सारसांची जोडी नाचते, तेव्हा मला त्यांच्याबद्दल व्यावसायिक आदर वाटतो. जोडी जन्माची, नाच स्वतःचा, हळदीला उशीर नाही आणि ड्रोन मागत नाहीत. पण पैसे देणारं गिऱ्हाईक हॉलवर असतं.

लग्नसराई नसली, की कार्यशाळा. या व्यवसायातलं सगळ्यात भरवशाचं उत्पन्न हेच. निसर्ग छायाचित्रकार कसं व्हावं, हे निसर्ग छायाचित्रकार होऊ पाहणाऱ्यांना पैसे घेऊन शिकवायचं. त्यांतले काही जण पुढे मोठ्या लेन्स घेतात, हप्त्यात अडकतात आणि स्वतःच्या कार्यशाळा काढतात. इतकी चोख अन्नसाखळी मी ताडोबातही पाहिलेली नाही.

तेव्हा नोकरी सोडून जंगलात शिरू पाहणाऱ्या तरुणांनो, नोकरी ठेवा आणि शनिवार-रविवारी जंगलात जा. वाघाला तुमच्या पगाराची स्लिप दाखवावी लागत नाही. आणि वाचकहो, पुढच्या वर्षी तुमच्या सोसायटीच्या कॅलेंडरला वाघ, रोहित किंवा गेला बाजार वेडा राघू हवा असेल, तर जरूर फोन करा. फक्त फोटो मागताना किंमतही विचारा. घासाघीस चालेल.