रेझिस्टरवाल्या महाशयांस खुले पत्र

प्रति,
‘पॉवर चिप’ या नावाने रेझिस्टर विकणारे महाशय,

तुमची पुडी मी उघडली. आत एक रेझिस्टर, वीतभर वायर आणि घडी घातलेलं माहितीपत्रक निघालं. असा रेझिस्टर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही पेनींना मिळतो. तुम्ही त्याचे पंधरा पौंड घेता. ‘पाच मिनिटांत बसतो’ हे तुमच्या पत्रकातलं वाक्य खरं आहे. बाकीचं पत्रक मी दोनदा वाचलं. दुसरं खरं वाक्य सापडलं नाही.

ज्या गाडीसाठी ही वस्तू घेतली होती ती तुम्हाला चांगली ठाऊक असेल, कारण तुमचं गिऱ्हाईक तीच चालवतं. मिनी कूपर एस. २००२ ते २००६ या काळात ऑक्सफर्डच्या कारखान्यात बनलेली, ब्राझीलमध्ये तयार झालेलं १.६ लिटरचं ट्रायटेक इंजिन आणि त्याच्या जोडीला ईटनचा एम४५ सुपरचार्जर. सुरुवातीला १६३ अश्वशक्ती, पुढे १७०. आज इंग्लंडमध्ये ही गाडी जुन्या बाजारात स्वस्तात मिळते, म्हणून तरुण मुलं ती घेतात. इथे शिकायला आलेली आपली मराठी मुलंही घेतात. मग पहिला बदल ठरलेला: सुपरचार्जरची पुली पंधरा टक्क्यांनी लहान. व्यास पंधरा टक्क्यांनी कमी झाला की सुपरचार्जर सतरा-अठरा टक्के जास्त वेगाने फिरतो, इंजिनात जास्त हवा कोंबली जाते आणि पिकअप लगेच जाणवतो.

हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं. साध्या, संथ चालवण्यात १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण चालतं. सुपरचार्जर पूर्ण जोरात असताना ते साधारण साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान ठेवावं लागतं, कारण जादा पेट्रोल बाष्प होताना सिलिंडरमधली हवा थंड करतं आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकणं, रोखतं. पुली बदलली, इंजेक्टर जुनेच ठेवले, की वरच्या आरपीएमला पेट्रोल कमी पडतं. मिक्स्चर लीन होतं. इथे तुम्ही येता. ‘लीन मिक्स्चरवर स्वस्त आणि मस्त इलाज’ असं तुम्ही छापलं आहे.

तुमचा इलाज काय करतो ते तुम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही, म्हणून मी सांगतो. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा एक सेन्सर असतो. हवा थंड असेल तर त्याचा रोध जास्त, गरम असेल तर कमी. अशा अनेक सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच हजार ओहम असतो, ६० अंशांना सुमारे सहाशे. तुम्ही त्याच्या वायरमध्ये बावीसशे ओहमचा रेझिस्टर जोडता. प्रत्यक्षात ६० अंशांची तापलेली हवा आत जात असते आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं की हवा १७-१८ अंशांची आहे. थंड हवा दाट असते, म्हणून ईसीयू थोडं जास्त पेट्रोल देतो. तुमची सगळी विद्या एवढीच: गाडीच्या मेंदूला खोटं सांगणे.

आता या खोट्याचे परिणाम बघा. पहिला, वाढलेल्या पेट्रोलचा सुपरचार्जरच्या दाबाशी काही संबंध नाही. ते हवेच्या तापमानावर ठरतं. थंडीच्या सकाळी तुमचा रेझिस्टर पाचेक टक्के पेट्रोल वाढवेल, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये इंटरकूलर तापला की पंधरा. गरज आहे दाब वाढेल तसं पेट्रोल वाढण्याची. तुम्ही विकता हवामानानुसार बदलणारा अंदाज.

दुसरा, साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर हे जादा पेट्रोल पकडतो आणि ईसीयू ते कापून टाकतो. काही गाड्यांत ही शिकलेली कपात फुल थ्रॉटललाही लागू होते. म्हणजे जिथे पेट्रोल हवं होतं तिथेच ते पुन्हा गेलं.

तिसरा, ६,५०० आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्यांना साडेअठरा मिलिसेकंद लागतात. इंजेक्टरला पेट्रोल सोडायला तेवढाच वेळ असतो. तो आधीच जवळजवळ पूर्ण वेळ उघडा असेल, तर ईसीयूने कितीही मागितलं तरी त्यातून जास्त येणार नाही. रेझिस्टरने इंजेक्टरचं भोक मोठं होत नाही आणि पेट्रोल पंपाचा जोरही वाढत नाही.

चौथा परिणाम सगळ्यात वाईट आणि त्याबद्दल मला तुमचा खरा राग आहे. हवा तापली की ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो. इंजिन वाचवायची ती सोय कारखान्याने मुद्दाम केलेली आहे. तुमच्या रेझिस्टरमुळे ईसीयूला हवा थंड वाटते, म्हणून तो टायमिंग मागे घेत नाही. उलट पुढेही नेऊ शकतो. तापलेली हवा, कमी पेट्रोल आणि पुढे गेलेलं टायमिंग: नॉकिंगसाठी लागणारं सगळं सामान तुम्ही एका पुडीत बांधून दिलंत. मग उरतो एकटा नॉक सेन्सर, तोही ठिणगी उशिरा टाकून जेवढं सावरता येईल तेवढंच सावरतो. नॉकिंग चालू राहिलं की पिस्टनच्या रिंगांमधली धार तुटते, हेड गॅस्केट जातं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. पिस्टनला भोक पडलेलं इंजिन पंधरा पौंडांत दुरुस्त होत नाही.

तुमचं गिऱ्हाईक म्हणतं, ‘पण गाडी एमओटी पास झाली.’ होणारच. त्या वार्षिक तपासणीत धूर उभ्या गाडीवर, इंजिनावर लोड नसताना मोजतात आणि तिथे लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं माप) ०.९७ ते १.०३ मध्ये असला की झालं. फुल थ्रॉटलला, सुपरचार्जर जोरात असताना काय होतं, हे तिथे कोणी बघत नाही. त्या प्रमाणपत्राच्या आड तुम्ही लपता.

स्वस्त इलाजाला माझा विरोध नाही. पैसे मोजून वापरणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण स्वस्त आणि प्रामाणिक इलाज असतात, आणि तुम्ही ते लोकांपासून लपवले आहेत. म्हणून इथे जाहीर लिहितो.

आधी मोजा. वाइडबँड सेन्सर आणि गेज बसवा, किंवा रोलिंग रोडवर थोडा वेळ विकत घ्या. गाडीतला साधा ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या आसपासच नीट सांगतो. त्याच्या भरवशावर सुपरचार्जरच्या दाबाखालचं मिक्स्चर ठरवू नका. मग फुकटची कामं करा: इनटेकच्या नळ्या आणि क्लॅम्प तपासा, पेट्रोलचं प्रेशर लोड असताना मोजा, तुंबलेला फिल्टर आणि थकलेला पंप शोधा. वीस वर्षांच्या गाडीत लीन मिक्स्चरचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं. त्यानंतरही कमी पडत असेल तर या गाडीच्या जॉन कूपर वर्क्स आवृत्तीचे ३८० सीसीचे इंजेक्टर भंगारातून घ्या, स्वच्छ करून तपासून घ्या आणि त्यांच्यासाठी ईसीयू रीमॅप करून घ्या. रीमॅपशिवाय मोठे इंजेक्टर बसवू नका, नाहीतर तेही एक प्रकारचं खोटंच होईल. एक पायरी थंड स्पार्क प्लग आणि पंपावरचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मदत करतात, पण लीन मिक्स्चर दुरुस्त करत नाहीत.

महाशय, तुमच्याकडून दोन गोष्टींची मागणी आहे. ही वस्तू विकणं थांबवा. आणि ज्यांना विकलीत त्यांना कळवा, की ती ईसीयूला फसवते, पेट्रोल पुरवत नाही.

ज्यांनी ही पुडी आधीच घेतली आहे त्यांना विनंती: रेझिस्टर आजच काढा आणि मिक्स्चर मोजेपर्यंत गाडी फुल थ्रॉटलवर चालवू नका. मोठे इंजेक्टर आणि रीमॅप परवडत नसतील तर कंपनीची जुनी पुली परत बसवा. लीन मिक्स्चरवर तोच सगळ्यात स्वस्त आणि पक्का इलाज आहे.

आपला,
तुमच्या गिऱ्हाइकांची इंजिनं उघडणारा एक मराठी मेकॅनिक