साडूभाऊ निसर्गात येतात

पुण्यात बाणेरला अकराव्या मजल्यावर राहणारे आमचे साडूभाऊ वर्षातून दोनदा निसर्गात येतात. निसर्ग म्हणजे आमचं घर. प्रवरेकाठी दोन एकर ऊस, गोठ्यात तीन जनावरं, ओट्यावर आई आणि हायस्कुलात भूगोल शिकवणारा मी, एवढ्याला ते निसर्ग म्हणतात. गाव अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे, हे त्यांना लग्नानंतर सहा वर्षांनी पटलं. जिल्ह्याचं नाव सरकारने अहिल्यानगर केलं, तरी त्यांच्या तोंडी अजून ‘नगर साइड’. आणि नगर साइड म्हणजे दुष्काळ. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा आहे, एका टोकाला पाथर्डी-जामखेड टँकरची वाट बघतं आणि दुसऱ्या टोकाच्या घाटघरला लोक नगरचं चेरापुंजी म्हणतात, हे सगळं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही भाग्यवान.” काहीही सांगितलं तरी ते हेच म्हणतात.

पहिली फेरी फेब्रुवारीत, नाशिकहून. नाशकात 1999 साली सुला ही वाइन कंपनी निघाली, 2001 साली सरकारने द्राक्षांपासून वाइन करण्याचं धोरण आणलं, आणि तेव्हापासून शहरी माणसाला आत्मचिंतनासाठी हिमालयात जायची गरज उरली नाही. दिंडोरी रस्त्याला वळलं की भागतं. साडूभाऊ तिथे टोपी घालून वेलींच्या ओळींमधून चालतात, मग ग्लास घेऊन मावळतीकडे तोंड करून बसतात आणि माणूस निसर्गापासून किती दुरावलाय ते मला फोन करून सांगतात. त्या वेळी मी धार काढत असतो.

यंदा आले ते पायाच्या अंगठ्यांची नखं जांभळी करून. द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम होता म्हणे. मेहुणी चपला काढता काढता म्हणाली, “घरी चटणी वाटा म्हटलं तर मिक्सर बिघडलाय म्हणतात. तिथं पैसे भरून तुडवली.” आईला वाटलं, द्राक्षं कुणाच्या तरी बागेत सांडली असतील आणि पाव्हण्यांनी मदत केली असेल.

या खेपेला त्यांनी नवा शब्द आणला होता : टेरुआर. म्हणजे माती, उतार, वारा, रात्रीचा गारवा हे सगळं द्राक्षात उतरतं आणि जाणत्या जिभेला घोटात कळतं. यात खोटं काही नाही. पण साडूभाऊंची जीभ एकदा जाणती झाल्यावर घरातला एकही पदार्थ सुटेना. चहाचा कप गोल फिरवायचा, त्यात नाक घालायचं, डोळे मिटायचे. दुपारी ताकाचा पेला तसाच फिरवून म्हणाले, “वा! शेवटी किंचित धूर येतो.”

“दूध खाली लागलं होतं,” आई म्हणाली.

मागे एकदा नाताळच्या सुट्टीत जादाची फेरी झाली, तेव्हा मी त्यांना निफाडला मामेभावाच्या बागेत नेलं होतं. पहाटेचं ढगाळ आभाळ, वेलींवर उतरलेलं धुकं. साडूभाऊ हात पसरून उभे राहिले. “काय मूड आहे!” मामेभाऊ रात्रभर झोपलेला नव्हता. त्या मूडला तो डावणी म्हणतो. ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून त्या रोगावरच्या फवारणीला निघाला होता. चार दिवस आधी थंडी उतरली म्हणून बागेत शेकोट्या पेटवून बसला होता. त्या शेकोट्यांची राख बघून साडूभाऊंनी विचारलं, “कॅम्पिंग करता वाटतं इथं?” मामेभाऊ सज्जन. त्याने ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी नीट समजावून सांगितली. साडूभाऊ वेलीला कुरवाळत म्हणाले, “वर्षातून दोनदा कापून घेते आणि तरी फळ देते. किती शिकण्यासारखं आहे!” मामेभाऊ नुसता कर्जाकडे बघावं तसा वेलीकडे बघत राहिला.

आमच्या टेरुआरची ओळख मात्र त्यांना झेपली नाही. यंदा ते आले तेव्हा गळिताचा हंगाम होता. साखर कारखान्याच्या रस्त्याला लागलो तशी मळीची हवा आली. साडूभाऊंनी झटकन काच वर केली. “मास्तर, हा कसला वास?” मग मी भूगोलाच्या तासाला सांगतो तसं सांगितलं. ज्या भंडारदऱ्याच्या तलावाचे फोटो तुम्ही ‘निसर्गाची किमया’ म्हणून टाकता, ते इंग्रजांनी 1926 साली पुरं केलेलं धरण. त्याचं पाणी कालव्याने खाली गेलं, ऊस पिकला. उसामागून लोणीला 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मग जिल्हाभर कारखाने झाले. साखर काढली की उरते मळी, मळीपासून मद्यार्क, आणि तुमच्या गच्चीवरच्या पार्टीतली रम अशाच कुठल्या तरी मळीतून आलेली असते. माती, उतार, पाणी, सगळं आहे त्यात. हुंगा. त्यांनी एसी वाढवला.

जाताना एक बाटली भेट देऊन गेले. शिराझ की काय. बूच त्यांनीच काढलं, मला एक घोट कसा घ्यायचा ते शिकवलं, आणि उरलेली बाटली माझ्या गळ्यात मारली. घरात आईची तुळशीची माळ, बाहेर माझी मास्तरकी. मी ती औषधांच्या कपाटात मागे ढकलली. आईने विचारलं, “हे रे काय?” मी म्हणालो, “द्राक्षांचं आहे.” यात मी खोटं काय बोललो?

दुसरी फेरी जूनच्या तोंडावर, काजव्यांसाठी. पावसाआधीचे ते दोन-तीन आठवडे भंडारदऱ्याकडे हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडं काजव्यांनी भरतात, आणि रस्ते पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी. अंधार बघायला लोक दिवे लावून येतात. साडूभाऊ तसे नव्हेत. त्यांनी डोक्याला लाल उजेडाची बॅटरी बांधली होती, कारण लाल उजेडाने काजवे बिथरत नाहीत असं वाचलं होतं. गाडी लांब लावली. ‘मोबाइल बंद’ असं आम्हाला सात वेळा सांगितलं. मग एकदम माझा दंड धरून कुजबुजले, “मास्तर, ते बघा! अख्खं झुडूप एका तालात मिटतंय, उघडतंय. केवढे मोठे आहेत!” आम्ही श्वास रोखून पाहिलं. खरंच एका तालात. वाट दाखवायला आलेला ठाकरवाडीचा पोरगा जरा वेळ थांबला, मग म्हणाला, “काका, ती तुमची गाडी हाय.”

चारही इंडिकेटर चालू राहिले होते. पोरगा जाऊन बंद करून आला.

तेव्हा खरा अंधार झाला आणि वरच्या अंगाला सादड्याचं एक झाड हळूहळू दिसायला लागलं. मग शेजारचं. मग सगळा उतार. साडूभाऊ काही बोलले नाहीत. निसर्ग नाही, माणूस नाही, दुरावा नाही. मीही किती वर्षांनी आलो होतो. घरापासून तासाभराच्या वाटेवर असून पाव्हणा आल्याशिवाय माझं कधी जाणं होत नाही.

घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. आई जागीच होती. कपाट उघडं, हातात वाटी, आणि दशमूलारिष्टाशेजारून काढलेली ती बाटली. तळाशी बोटभर उरलं होतं. आईने मोजून दोन चमचे ओतले आणि तितकंच पाणी घातलं.

“पाव्हणं, तुमचं द्राक्षासव गुणाचं निघालं बघा,” ती म्हणाली. “जेवण जड झालं की घेते. पण पुढच्या खेपेला जरा ताजं बघून आणा, उन्हाळ्यात हे पार आंबलं. तुमचंही पोट गच्च झालं असंल प्रवासानं, घ्या.”

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी गोठ्याकडे पाहिलं. त्यांनी वाटी घेतली, सवयीने गोल फिरवली, डोळे मिटून नाकाशी नेली.

“हुंगताय काय,” आई म्हणाली, “गिळा.”