शेठच्या इमारतीखालची जागा

नारायणगाव, मंचर किंवा आळेफाट्याला भाड्याचं घर शोधणाऱ्याला घरमालक शेठ "पार्किंग नाही" असं कधी सांगत नाहीत. "हाये ना, दोन गाड्या बसत्याल," म्हणतात आणि जागा दाखवतातही. तिथे त्या वेळी टोमॅटो बांधणीचे बांबू, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, फवारणीचा पंप आणि क्रेटची भिंत असते. "तेवढा माल गेला का मोकळंच हाये." बदलीवर आलेला बँकेतला साहेब मग शेठला थापाड्या ठरवून मोकळा होतो. हा अन्याय आहे. शेठच्या हिशेबी पार्किंग हे जागेचं नाव नाही, हंगामाचं आहे.

पुरावा इमारतीतच आहे. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलात निघतो आणि भाव येईपर्यंत बराखीत थांबतो. बराखीला लागतं काय? वर छप्पर, खाली कोरडी जमीन, दोन्ही अंगांनी खेळती हवा. खांबांवर उभ्या इमारतीखालच्या जागेत यातलं काय कमी आहे? उलट बराखीवर चार मजले बांधून ते भाड्याने देण्याची युक्ती शेठना आधी सुचली नाही, हेच नवल. टोमॅटोचा हिशेब तर आणखी सरळ आहे. एका मोटारीच्या जागेत वीस किलोचे शंभर क्रेट सहज रचता येतात. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात क्रेट दोन हजारांवर गेला होता. म्हणजे तेवढ्या जागेत दोन लाखांचा माल. साहेबांची मोटार तिथे वर्षभर उभी राहून काय पिकवणार?

यावर कोणी कायदा काढील. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, असं 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो, आणि शेठच्या करारात 'एका चारचाकीची जागा' अशी ओळही असते. असते ना! ट्रॅक्टरलाही चारच चाकं असतात. इमारतीखालचं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, ते सामायिक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटलं. शेठ त्याच्याही पुढे गेलेले आहेत. त्यांचं पार्किंग भावकीशी, मेहुण्याच्या पिकअपशी आणि पुतणीच्या लग्नातल्या आचाऱ्याच्या चुलीशी सामायिक असतं.

गाडी रस्त्यावर लावायला काय होतं, हा प्रश्न मात्र पुण्या-मुंबईच्या माणसाने विचारू नये. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याचा मुक्काम असतो. रात्री लांब गाडी लावून अंधारातून चालत येणं ही इथे गमतीची गोष्ट नाही. हे शेठलाही पुरतं ठाऊक असतं. म्हणून दिवेलागणीला ते स्वतः क्रेट सरकवतात, ट्रॅक्टर बाहेर काढतात आणि "येऊ द्या, येऊ द्या, आजून वीतभर," म्हणत मोटार आत घेतात. मोटार बसते, फक्त दार उघडत नाही. चिडलेल्या साहेबांनी भाडं कमी करायचा विषय काढला की शेठ हसून पोराकरवी पाटीभर कांदे वर पाठवतात. ते अर्थातच मोटारीच्या जागेतले असतात.