आपल्या खाजगी राष्ट्राचा स्वातंत्र्यदिन कसा साजरा करावा

समजा, तुम्ही देश स्थापन केला आहे. कुंपण घालून सीमा नक्की झाली, झेंडा शिवून आला, मंत्रिमंडळात अर्थखाते सौभाग्यवतींकडे गेले (ते आधीही त्यांच्याकडेच होते). आता पहिला राष्ट्रीय सण तोंडावर आला आहे आणि नेमके काय करायचे ते सुचत नाही. घाबरून जाऊ नका. असे स्वयंघोषित देश जगात पुष्कळ आहेत. त्यांना कोणी मान्यता दिलेली नाही, पण सण साजरे करण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे.

राष्ट्र म्हणवून घ्यायला काय लागते, हे १९३३च्या माँटेव्हिडिओ करारात लिहून ठेवले आहे: कायमची वस्ती, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. सणाचा त्यात उल्लेख नाही. करार करणाऱ्यांनी एखादे वर्ष सार्वजनिक मंडळात काढले असते, तर ही चूक झाली नसती.

आधी तारीख ठरवा. या बाबतीत मेजर रॉय बेट्स यांचा आदर्श ठेवावा. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यासमोर भर समुद्रात दुसऱ्या महायुद्धातला एक तोफांचा मनोरा उभा होता. दोन जाडजूड काँक्रीटचे खांब आणि वर लोखंडी तक्तपोशी, एवढाच काय तो भूभाग. १९६६च्या डिसेंबरात बेट्स यांनी तो बळकावला आणि २ सप्टेंबर १९६७ रोजी ‘सीलँड’ नावाचे स्वतंत्र राज्य जाहीर केले. तो दिवस त्यांच्या पत्नीचा, जोन यांचा वाढदिवस होता. भेट म्हणून त्यांना राजकन्येचा किताब मिळाला. म्हणजे पत्नीचा वाढदिवस विसरला तर तो थेट राष्ट्रद्रोह, आणि दोन्ही समारंभ एकाच केकमध्ये. लिथुआनियाची राजधानी विल्निअस इथल्या उझुपिस मोहल्ल्यातल्या कलावंतांनी १९९७ साली १ एप्रिल निवडला. त्याचाही फायदा आहे. ‘हे तुम्ही गंभीरपणे करताय का?’ असे कोणी विचारले, की कॅलेंडरकडे बोट दाखवायचे.

तारखेपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तक्रार. तक्रार खरी हवी. सणाचे पोट तिच्यावर भरते, आणि इथेच नवशिके कमी पडतात. झेंडा, राष्ट्रगीत, टपाल तिकिटे असे सगळे असते; पण देश का फुटून निघाला, असे विचारले की एकमेकांकडे बघतात. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या की वेस्ट बेटाकडे पाहा. तिथे गाडीने जायला एकच महामार्ग. १९८२च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाने त्यावर नाका बसवला. अमली पदार्थ आणि बेकायदा आलेले परदेशी शोधण्यासाठी गाडी न् गाडी तपासायला सुरुवात झाली. मैलोन्‌मैल रांगा लागल्या, हॉटेलांची आरक्षणे रद्द होऊ लागली. आपल्याच देशातून आपल्याच देशात जायला तपासणी! शहर न्यायालयात गेले, तिथे दाद लागली नाही. मग महापौर डेनिस वॉर्डलो म्हणाले, परक्या देशासारखे वागवता ना, मग आम्ही परका देशच होतो. २३ एप्रिल १९८२ रोजी ‘काँक रिपब्लिक’ जन्माला आले. काँक म्हणजे तिथला शंख. सरकारच्या नावाने आपण सगळेच शंख करतो. यांनी तो झेंड्यावर घेतला.

पुढचा भाग काळजीपूर्वक वाचा, कारण अशा सणाचा सगळा आराखडा त्यात आहे. नव्या राष्ट्राने त्याच दिवशी अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. नौदलाच्या गणवेशातल्या एका माणसाच्या डोक्यावर शिळा क्यूबन पाव फोडण्यात आला. मिनिटभराने महापौरांनी, म्हणजे आता पंतप्रधानांनी, शरणागती पत्करली आणि युद्धोत्तर पुनर्वसनासाठी एक अब्ज डॉलरची मदत मागितली. पैसे आले नाहीत. नाका मात्र उठला.

तेव्हापासून दर एप्रिलमध्ये हा उत्सव आठवडाभराहून अधिक चालतो. मिरवणूक असते, चाके लावलेल्या पलंगांची शर्यत असते, आणि या सगळ्यावर कळस म्हणजे समुद्रातली लढाई. शिडाची जहाजे पाण्याचे फवारे आणि शिळे पाव घेऊन निघतात. समोर शत्रू म्हणून कोण? अमेरिकेच्या तटरक्षक दलाची नौका या लढाईत उतरत आली आहे. ज्या सरकारविरुद्ध बंड केले, तेच सरकार वर्षातून एकदा बोट घेऊन येते आणि पाव खाऊन जाते. माझ्या मते राष्ट्रीय सणाची याहून सुंदर व्यवस्था कोणत्याही मान्यताप्राप्त देशाला जमलेली नाही.

तेव्हा नियम असा: आपल्या सणात मोठ्या देशाला भूमिका द्या, आणि हरण्याची तयारी ठेवा. जिंकलात तर अडचण आहे. रस्ते, गटारे, पाणीपुरवठा सगळे तुमच्या गळ्यात पडेल. १९९५ साली अमेरिकी लष्कराच्या राखीव दलातल्या एका तुकडीने परक्या बेटावर उतरण्याचा सराव की वेस्टमध्ये ठरवला, पण गावाला कळवायचे राहून गेले. काँक रिपब्लिकने लगेच युद्धस्थिती जाहीर करून पाव बाहेर काढले. शेवटी लष्कराने दिलगिरी व्यक्त केली. यावरून दारूगोळ्याचा साठा ताजा असण्याची गरज नसते, हेही सिद्ध होते. स्थानिक पर्याय म्हणून कालची भाकरी चालेल. मात्र ती फोडण्याआधी समोरच्याची संमती घ्या.

प्रमुख पाहुण्यांचा प्रश्न अवघड आहे. परदेशी मुत्सद्दी तुमच्याकडे येणार नाही. सीलँडला १९७८ मध्ये तो लाभला, पण त्याआधी तिथे भाडोत्री माणसांनी बंड केले होते, बेट्स यांचे चिरंजीव राजपुत्र मायकेल यांना ओलीस धरले होते, आणि बेट्स यांनी हेलिकॉप्टरने हल्ला करून मनोरा परत मिळवला होता. पकडलेल्यांत एक जर्मन वकील होता. त्याला सोडवायला पश्चिम जर्मनीने आपला मुत्सद्दी धाडला, आणि त्या भेटीलाच बेट्स यांनी मान्यता मानले. एवढा खटाटोप झेपत नसेल तर शेजाऱ्यांना बोलवा. सीलँडवर पाहुण्याला खालच्या बोटीतून दोराने वर ओढून घेतात. तुमच्याकडे जिना असेल, तर तुम्ही आधीच पुढारलेले आहात.

पाहुणा सीमेवर आला की पासपोर्टवर शिक्का मारा. उझुपिसमध्ये १ एप्रिलला पुलावर हेच चालते. तिथल्या राज्यघटनेने कुत्र्याला कुत्रा असण्याचा हक्क दिलेला आहे आणि ती अनेक भाषांत भिंतीवर लावलेली आहे. सीमेवर काय जप्त करायचे ते आधी ठरवा. नेवाडातल्या मोलोसिया या देशात कांदा नेता येत नाही, आणि तिथले चलन कुकीच्या कणकेच्या भावाशी बांधलेले आहे. कणकेचे आपण बघू, पण कांदाबंदी आपल्याकडे आणाल तर भज्यांच्या प्रश्नावर सरकार पडेल.

आता एक इशारा. गंमत आणि कर यांची गल्लत करू नका. पश्चिम ऑस्ट्रेलियातले शेतकरी लेनर्ड कॅस्ली यांची तक्रारही खरी होती: १९६९ साली गव्हाच्या विक्रीवर लादलेला कोटा. २१ एप्रिल १९७० रोजी त्यांनी सुमारे ७५ चौरस किलोमीटरची शेती घेऊन ‘हट रिव्हर’ हे राज्य वेगळे काढले. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाशी युद्धही पुकारले, ते काही दिवसांत मिटले. तिकिटे, नाणी, पर्यटक, सगळे ठीक चालले होते. पण ऑस्ट्रेलियाच्या करखात्याला विनोद कळत नव्हता, आणि कॅस्ली यांनाही आपण विनोद करतो आहोत असे वाटत नव्हते. २०१७ मध्ये न्यायालयाने लाखो डॉलरचा थकलेला कर भरायला सांगितला. २०२०च्या एप्रिलात सुवर्णमहोत्सव होता, तेव्हा राज्याच्या सीमा बंद होत्या. ऑगस्टमध्ये राज्यच विसर्जित झाले. म्हणून झेंडावंदन आटोपले की विवरणपत्र मुकाट्याने मोठ्या देशाच्या पोर्टलवर भरा.

कार्यक्रमाचा क्रम फारसा सांगायला नको. झेंडा, राष्ट्रगीत, राष्ट्राध्यक्षांचे भाषण (तीन मिनिटे, चौथ्या मिनिटाला लोकसंख्या घटू लागते), लढाई, शरणागती, जेवण. आभारप्रदर्शनात शेजारी राष्ट्राने वीज न तोडल्याबद्दल त्याचा उल्लेख जरूर करा.

आणि हो, तुमच्या राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी तुमच्या ऑफिसला सुट्टी नसते. रजेचा अर्ज आठवडाभर आधी टाका. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहा.