मॅटअण्णा

कोल्हापूरला चकाकी लागते. मिसळीवर कट तरंगत नसला तर आमचा माणूस वाटी उचलून पुन्हा काउंटरवर जातो. तांबड्या रश्श्यावर तवंग दिसला नाही तर पाहुणचारात कुठंतरी हात आखडता घेतलाय, असं तो मनात धरतो. बुलेट धुताना टाकीत स्वतःची मिशी दिसेपर्यंत त्याच्या हातातलं फडकं थांबत नाही. गुजरीतली दुकानं तर भर दुपारी दिवे लावून बसलेली असतात. अशा गावात एका माणसानं हयात घालवली ती चकाकी मारण्यात. त्याला वेडा म्हणायचं की बंडखोर, हे आमच्या गल्लीचं अजून ठरलेलं नाही. तूर्त त्याला मॅटअण्णा म्हणतात.

अण्णा दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे रंगवतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर हा छंद जडला असं कुणी म्हणेल, पण काकूंच्या सांगण्यावरून तो नोकरीच्या आधीपासूनचा आहे. मधली नोकरी ही सुटी होती. कुंभार गल्लीतून बिनरंगाचे, दोन-अडीच इंचाचे मावळे आणायचे आणि वर्षभर रंगवत बसायचं. छंदी माणूस म्हटला की रंगांबद्दल भरभरून बोलतो. अण्णा रंगांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. रंग म्हणजे त्यांच्या लेखी वार्निश मारण्याआधी उरकून टाकायचं काम.

मावळ्याला वार्निश कशाला, असं कुंभार गल्लीतला कारागीरही विचारतो. त्याचंही बरोबर आहे. अनंत चतुर्दशीला पाण्यात जायच्या मूर्तीला टिकवून काय करायचं? पण मावळ्याचं विसर्जन होत नाही. तो पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर, बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्राच्या बोळ्यांत पडून राहतो. त्याआधी किल्ल्यावरचे चार दिवसही काही सुखाचे नसतात. पोरांनी उतारावर अळीव नि मोहरी पेरलेली असते. ती उगवावी म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणं चालू. पहाटेचं दव वेगळं, फटाक्यांचा धूर वेगळा. पोस्टर कलरच्या मावळ्यावर दोन वेळा पाणी पडलं की आधी मिशी ओघळते, मग पागोट्याचा लाल रंग कपाळावर उतरतो आणि भाऊबीज उजाडेपर्यंत गडावर कोण कुणाच्या बाजूनं लढतंय हे कळेनासं होतं. वार्निश पाहिजेच. इथवर गल्ली आणि अण्णा यांचं एकमत आहे.

भांडण पुढं आहे. बाजारात मिळणारा मावळा वार्निशनं लखलखतो आणि ते अण्णांना सोसत नाही.

"अंगरखा सुती हाय न्हवं? मग त्यो चकाकंल कसा?" ते विचारतात. उत्तराची वाट बघत नाहीत. "दोन इंचाचा माणूस. त्याच्यावर बल्बचा ठिपका पडला की त्यो त्याच्या डोक्याएवढा दिसतोय. नाक कुठं, गाल कुठं? मी चार दिवस बसून गालाखाली सावली काढायची आणि तुमचा बल्ब एका झटक्यात ती पुसणार!"

कुणी फारच वाद घातला तर अण्णा बाबूराव पेंटरांना साक्षीला बोलावतात. बाबूरावांनी 1923 च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले, हे सिनेमाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. त्यापुढचा इतिहास अण्णांचा स्वतःचा: दिवे आले म्हणजे नटांची तोंडं चकाकली असणार, तोंडं चकाकली म्हणजे पावडरीचा डबा आला असणार, आणि तो डबा म्हणजेच कोल्हापुरातलं पहिलं मॅट फिनिश. याला पुरावा मागितला की ते समोरच्याकडे अशा नजरेनं बघतात की पुरावा मागणाराच परगावचा ठरतो.

वार्निश निवडायला अण्णा लक्ष्मीपुरीत जातात तेव्हा रंगाच्या दुकानातली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात. "मॅट पाहिजे," अण्णा म्हणतात. "किती लिटर?" "चमचाभर बघायला दे, मग सांगतो." मग खिशातून बाहेर येतात काळ्या रंगानं रंगवलेली बाटलीची झाकणं. पांढऱ्यावर सगळीच वार्निशं सज्जन दिसतात, खरं रूप दिसतं ते काळ्यावर, हे अण्णांचं तत्त्व. आणि ते खरं आहे, कारण वार्निशचा पांढरट धुरकटपणा काळ्यावरच आधी पकडला जातो. दुकानदार सॅटिन पुढं करतो. अण्णांच्या मते सॅटिन म्हणजे कुंपणावर बसलेला माणूस, निवडणुकीत चालतो, मावळ्यावर नाही. लाकडावर मारायचं तेलाचं वार्निश दाखवलं तर विचारतात, "ह्ये दोन वर्षांनी पिवळं पडतंय, मग पांढऱ्या अंगरख्याचं काय करू? हळद लागली म्हणून सांगू?" शेवटी पाण्यानं पातळ होणारं ॲक्रिलिक मॅट आणि एक स्प्रेचा डबा, एवढ्यावर सौदा होतो. तोवर मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं घर दुसऱ्या दुकानातल्या रंगानं रंगवून झालेलं असतं.

मॅट वार्निश म्हणजे काही निराळी चीज नव्हे. तेच वार्निश, फक्त त्यात सिलिकाची अतिशय बारीक पूड घातलेली. वाळल्यावर या पुडीनं पृष्ठभाग डोळ्याला न दिसेल इतका खडबडीत होतो, उजेड एकाच दिशेनं परत फिरायचा तो चहूकडं विखुरतो, आणि चकाकी जाते. घोळ असा की पूड तळाला बसते. न ढवळता वरचं वरचं घेतलं तर मॅटच्या डब्यातून ग्लॉस निघतं आणि शेवटी तळाचं घेतलं तर मावळा भुरका पडतो. म्हणून अण्णा ढवळतात. स्प्रेचा डबा असला तर हलवतात. आतल्या गोळीचा खडखडाट सुरू झाला की काकू गच्चीवरची वाळवणं उचलतात आणि शेजारच्या घरातलं तान्हं पोर उठतं.

खरा शत्रू मात्र हवा. दमट हवेत मॅट स्प्रे मारला की मावळ्यावर पांढरी साय धरते, आणि कोल्हापूरचा पाऊस तर ठाऊकच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं शहर राजाराम बंधाऱ्याकडे डोळे लावून बसतं: 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. अण्णांची पातळी वेगळी. सोप्यात खिळ्याला टांगलेलं आर्द्रता मोजायचं यंत्र 60 दाखवतं तेव्हा इशारा, 70 ला धोका. पंचगंगा पात्राबाहेर आली की नाही हे त्यांना शेजाऱ्याकडून कळतं. पण नवरात्र सरून ऑक्टोबरचं ऊन तापलं की एखाद्या सकाळी ते गल्लीत येऊन जाहीर करतात, "बेचाळीस!" नवखा भाडेकरू पुराच्या भीतीनं सामान आवरायला लागतो.

तरीही कधीतरी साय धरतेच. ती घालवायचा हुकमी उपाय असा, की तिच्यावर ग्लॉस वार्निशचा पातळ हात मारायचा. बहुतेक वेळा धुरकटपणा विरघळून रंग पुन्हा वर येतात. जन्मभर ज्याच्याशी वैर धरलं त्याच्याच दारात मदतीला जायचं! अण्णा हे काम दार लावून करतात. कुणी आत आलं तर ग्लॉसची बाटली वर्तमानपत्राखाली सरकते.

खरं तर पहिला हात ते नेहमीच ग्लॉसचा देतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. मॅटपेक्षा ग्लॉसचा थर सहसा चिवट असतो. पोरांच्या हाताळणीला तोच टिकतो. मावळ्याचं रक्षण ग्लॉस करतं आणि मॅट फक्त त्याची चकाकी झाकतं. एकदा मी यावरून त्यांना कोंडीत पकडायला गेलो, तर म्हणाले, "तालमीत जाऊन बघ. पैलवान आधी अंगाला तेल चोळतोय, मग वर तांबडी माती. खाली ग्लॉस, वर मॅट. खासबागेत आजवर कुणी चकाकत कुस्ती मारल्याली बघितलीस?"

प्रत्यक्ष वार्निश मारताना अण्णांकडे बघण्यासारखं असतं. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर दुहेरी चिकटपट्टीनं मावळा उभा केलेला. डबा वीतभर लांब. फवारा मावळ्याच्या अलीकडे हवेत सुरू होतो, अंगावरून सरकतो आणि पलीकडे हवेतच संपतो. थेट अंगावर सुरू केला तर पहिला थेंब जाड पडतो. मग बाटली किंचित फिरवायची, पुन्हा एक फवारा. तेवढा वेळ अण्णा श्वास घेत नाहीत. दोन पातळ हात, मध्ये एक अख्खी रात्र. दुसऱ्या दिवशी मावळा असा दिसतो, जणू त्याला कुणी काही लावलेलंच नाही. आणि मग सगळ्यांत शेवटी, चार-दोन केसांच्या ब्रशवर ग्लॉसचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब घेऊन ते घोड्याच्या डोळ्याला टेकवतात. फक्त डोळ्याला, आणि तलवारीच्या पात्याला. घोडा तिथल्या तिथं बघायला लागतो. अण्णांच्या सगळ्या वादविवादांपेक्षा तो एक थेंब मला जास्त पटतो.

काकूंना काहीच पटलेलं नाही. "आमच्या लग्नाचं फोटो ह्यांनी मॅट कागदावर काढाय लावलं," त्या सांगतात. "माझी पैठणी सुती दिसत्या."

अण्णांचा आदर्श ग्रंथ म्हणजे वराहमिहिराची 'बृहत्संहिता'. तीत वज्रलेपावर एक अध्यायच आहे. कच्ची टेंभुर्णी नि कवठं, सावरीची फुलं आणि इतर जिन्नस पाण्यात घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत उकळायचे, त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल वगैरे कालवून तो लेप गरमागरम मूर्तीला नि भिंतीला द्यायचा. सहस्र गुणिले अयुत वर्षं, म्हणजे एक कोटी वर्षं टिकेल, अशी त्यात हमी आहे. स्प्रेच्या डब्यावर जेमतेम दोन-तीन वर्षांची मुदत छापलेली बघून अण्णांना आधुनिक विज्ञानाची कीव येते. अख्ख्या अध्यायात लेप मॅट की ग्लॉस हे मात्र वराहमिहिरानं लिहिलेलं नाही, ही त्यांची त्याच्याविषयीची एकमेव तक्रार.

तक्रार करावी असं त्यांच्याकडूनही एकदा घडलं, ते थर्माकोलच्या किल्ल्याच्या वेळी. भाच्यानं मोठ्या हौसेनं पन्हाळा केला होता. मावळे जागेवर चिकटवून झाले आणि अण्णांना वाटलं, आता एक शेवटचा हात अख्ख्या गडावरच देऊ. स्प्रेतल्या द्रावकानं थर्माकोल विरघळतं. फवारा बसला तसा पुसाटी बुरूज आतल्या आत खचायला लागला, मग तटबंदीला भगदाड पडलं, दोन मावळे त्यात कंबरेपर्यंत रुतले. 1660 साली सिद्दी जौहरला चार महिने वेढा घालून जे साधलं नव्हतं ते अण्णांनी चार मिनिटांत केलं. मावळे मात्र अजिबात चकाकत नव्हते, हे त्यांनी तेव्हाही भाच्याच्या लक्षात आणून दिलं. सरकारनं थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली ती 2018 साली. अण्णांच्या घरात ती त्याआधीच लागू झाली होती.

मंडळाच्या किल्ला स्पर्धेत अण्णांच्या गडाला नंबर मिळत नाही. परीक्षक येतात, चकाकणाऱ्या गडापुढं फोटो काढतात, चहा घेतात. एका परीक्षकानं मात्र वाकून, चष्मा सावरून अण्णांचे मावळे नीट बघितले. "हात चांगला आहे ओ तुमचा," तो म्हणाला. "फक्त वरून वार्निश तेवढं मारायला पाहिजे होतं."

तीन हात दिले होते. अण्णांना त्या दिवशी इतका आनंद झाला की त्यांनी गल्लीला मिसळ चारली. स्वतःच्या मिसळीवरचा कट मात्र चमच्यानं काढून शेजारच्या वाटीत टाकला.

तुमच्या पोरांचे मावळे वार्निश करून घ्यायचे असतील तर दसरा झाला की लगेच द्या, दिवाळीच्या तोंडावर अण्णा ते घेत नाहीत. पैसे विचारू नका, राग येतो त्यांना. आणि थर्माकोलचा किल्ला त्यांना नुसता दाखवायलासुद्धा नेऊ नका.