कारखानिसाची नेमणूक

महाडहून पाचाडकडे निघालेल्या गाडीत खिडकीजवळची जागा पटकावून, रायगड आपण पायीच चढणार आणि रज्जुमार्गाची ती चार मिनिटांची आयती स्वारी दुर्बलांसाठी सोडून देणार, असा जाहीरनामा मी सौभाग्यवतीपुढे वाचीत होतो, इतक्यात वाहक समोर येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे एक ओझरता दृष्टिक्षेप टाकून म्हणाला, "अर्धं ना? आधार कार्ड काढा, बाबा."

६५ वर्षे पुरी झालेल्यांना अर्धे भाडे आणि ७५ उलटलेल्यांना तेही माफ, हा सरकारी शिरस्ता मला ठाऊक होता. परंतु त्याचा अंमल माझ्या मुखमंडलावरून परभारे सुरू व्हावा, हे मात्र अनपेक्षित होते. मी बाणेदारपणे कार्ड पुढे केले. त्याने जन्मसाल वाचले, बोटांवर हिशेब केला, छायाचित्राशी माझा चेहरा ताडून पाहिला, आणि परक्याच्या घरचे दुःख अवचित कानी पडावे तसा हळहळून म्हणाला, "चार वर्षं राहिली की हो अजून!" सौभाग्यवतीला महिला म्हणून अर्धे तिकीट मिळाले, तेही वयाची चौकशी न होता, शासनाचे इतके शिष्टाचारसंमत धोरण दुसरे माझ्या पाहण्यात नाही.

पाचाडला उतरल्यावर तिने मला जिजाऊसाहेबांचा वाडा दाखवला. गडावरची थंड हवा उतारवयात मानवेना, म्हणून महाराजांनी मातोश्रींसाठी तो बांधला, असे सांगतात. तिथल्या तक्क्याच्या विहिरीवर दगडी तक्क्याला टेकून त्या बसत. "बघा, राजमातासुद्धा खालीच राहिल्या," ती म्हणाली. इतिहासातले दाखले नेमके आपल्या सोयीचे काढण्याची तिची हातोटी असामान्य आहे. मीही मग, त्याच राजमाता १६७४च्या ज्येष्ठात राज्याभिषेकाला गडावर हजर होत्या, हा दाखला काढला. त्यानंतर अकराच दिवसांनी पाचाडला त्यांचे देहावसान झाले, हा भाग प्रसंग पाहून वगळला.

चित्त दरवाजा मी उमेदीने ओलांडला. दीड हजारांच्या आसपास पायऱ्या, वैशाखाचे ऊन आणि बाजूने धावत वर जाणारी, धावता धावता गाणी म्हणणारी, म्हणजेच फुप्फुसांची उघडउघड उधळपट्टी करणारी महाविद्यालयीन मंडळी, यांतले काहीही मला डगमगवू शकले नाही. घात झाला तो घरभेद्यामुळे. उजवा गुडघा फितूर झाला. अवघड कडा काळोखात उतरून तान्ह्याकडे धावलेली हिरकणी मी मनापुढे आणून पाहिली, परंतु गुडघ्याला इतिहासाचे प्रेम नसते. महादरवाज्यापाशी पोहोचताच मी, या द्वाराची रचना बारकाईने अभ्यासण्याजोगी आहे, असे जाहीर करून सावलीत बसकण मारली. सौभाग्यवती "बाजारपेठ बघून येते हं" म्हणून तरातरा वर निघून गेली. दरवाज्याच्या दोन बुरुजांपैकी एक ६५ फूट आणि दुसरा ७५ फूट उंच आहे, असे म्हणतात. सवलतीचे दोन्ही टप्पे डोक्यावर उभे ठेवूनच मी तो अभ्यास केला.

तोच एक मुलगी पुढे झाली. "आजोबा, तुम्ही बसलाच आहात, तर एवढ्या पिशव्यांकडे लक्ष ठेवाल?" होकाराची वाट न पाहता पिशव्यांचा ढीग माझ्याभोवती रचला गेला. शिवशाहीत प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अंमलदार असत. शिवाय कोठीचा जिम्मा कारखानिसाकडे. अर्जविनंती न करता, ऐन रायगडावर, असा हुद्दा चालून येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. मी पिशव्या आकारमानानुसार लावल्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या काढल्या आणि दोन माकडांना हद्दपार केले.

ती व्यवस्था पाहूनच की काय, पाठीमागून आलेली दुसरी टोळी आपण होऊन थांबली. त्यांच्यातल्या एकाने पाठीवरचे ओझे उतरवीत अदबीने विचारले, "काका, सामान ठेवायचं काय घेता?"

आजोबांवरून काकांवर आणणाऱ्या या गुणी मुलाला खरे म्हणजे सूट द्यायला हवी होती.

"नगाला दहा रुपये," मी म्हणालो. त्यांनी रोख दिले, आणि पावती मागितली.