गणपती बसण्याआधीचा कागद

अमेरिकेत मराठी मंडळाचा गणेशोत्सव करायचा, तर मूर्ती, गुरुजी आणि मोदक यांच्याही आधी एक कागद लागतो. शाळेचा हॉल भाड्याने मागितला की ऑफिसातून पहिला प्रश्न येतो, विम्याचं सर्टिफिकेट कुठे आहे? ॲकॉर्ड 25 नावाचा हा फॉर्म. वर डाव्या कोपऱ्यात प्रोड्यूसरचा, म्हणजे मंडळाला पॉलिसी विकणाऱ्या एजंटचा किंवा ब्रोकरचा चौकोन, मधे विम्याच्या रकमा, खाली शाळेचं नाव. माझी तक्रार या कागदाबद्दल आहे आणि तो पाठवणाऱ्याबद्दल त्याहून जास्त आहे.

रक्कम सहसा ठरलेली असते, एका घटनेला 10 लाख डॉलर आणि वर्षभरात मिळून 20 लाख. त्यावर कुणाचं भांडण नाही. भांडण नावावरून सुरू होतं. शाळेचं नाव घातलं तर ऑफिस म्हणतं, शिक्षण मंडळाचं घाला. ते घातलं तर पत्ता शाळेचा नको, स्कूल डिस्ट्रिक्टच्या मुख्य ऑफिसचा हवा. प्रत्येक दुरुस्तीसाठी एजंटला नवा ईमेल करायचा. शुक्रवारी विचारलं तर उत्तर सोमवारी येतं. तोवर हॉल पक्का होत नाही आणि ढोल-ताशा पथकाला तालमीची वेळ सांगता येत नाही.

हेही सोसलं असतं. पण शाळेला नुसतं कागदावर नाव नको असतं, तिला ॲडिशनल इन्शुअर्ड व्हायचं असतं. कार्यक्रमात कुणी घसरून पडलं आणि त्याने शाळेवर दावा लावला, तर आमच्या पॉलिसीने शाळेचाही बचाव करावा, ही तिची रास्त अपेक्षा. ते सर्टिफिकेटने होत नाही. त्यासाठी पॉलिसीला एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल करणारं जोडपत्र, जोडावं लागतं. जागा भाड्याने देणाऱ्यांसाठी सीजी 20 11 क्रमांकाचं तयार एन्डॉर्समेंट असतं. सर्टिफिकेट फक्त माहितीसाठी आहे, त्यातून कसलाही हक्क मिळत नाही आणि पॉलिसी बदलत नाही, असं त्या फॉर्मच्या माथ्यावरच छापलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात तर पॉलिसीत नसलेलं संरक्षण सर्टिफिकेटवर दाखवायला मनाई करणारा कायदाच 2015 पासून लागू आहे.

तरीही आमच्या एजंटचं ऑफिस सर्टिफिकेटवरच्या ॲडिशनल इन्शुअर्डच्या चौकोनात ‘वाय’ टाइप करून मोकळं होतं. एन्डॉर्समेंट खरंच जोडलं आहे का, हे आम्ही विचारल्यावर शोधायला घेतं. मला याचा राग येतो. आजी-आजोबा, लहान मुलं, शेकडो माणसं त्या हॉलमध्ये येणार असतात. त्यांच्यातल्या कुणाला इजा झाली, तर त्या एका अक्षराच्या भरवशावर शाळा आणि मंडळ दोघंही उघडी पडतील.

भाडेकरारात आणखी एक अट हमखास असते, पॉलिसी रद्द झाली तर शाळेला 30 दिवस आधी कळवू, असं सर्टिफिकेटवर लिहून द्या. जुन्या फॉर्मवर तशी ओळ होती. 2009 च्या आवृत्तीपासून ती गेली आणि पॉलिसीतल्या तरतुदींप्रमाणे कळवलं जाईल, एवढंच उरलं. एजंटला हे पक्कं माहीत असतं. पण शाळेला फोन करून समजावण्याऐवजी तो तिचा ईमेल आम्हाला पुढे ढकलतो. मग दिवसभर नोकरी करून आलेला कार्यकर्ता रात्री शाळेच्या सेक्रेटरीला विम्याचे नियम समजावत बसतो. हे काम परवानाधारक माणसाचं आहे. त्याला आमच्या हप्त्यातून कमिशन मिळतं.

त्याने एकदा तरी विचारायला हवं होतं की तुम्ही हॉलमध्ये नेमकं काय करता. जेवण कोण रांधतं, केटररचा स्वतःचा विमा आहे का? विसर्जन पार्किंगमधल्या टबात करता का? मुलांसाठी हवा भरलेला किल्ला आणता का? असे किल्ले बऱ्याच पॉलिसींमधून वगळलेले असतात. हे आम्हाला पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची पानं स्वतः वाचून कळलं, एजंटकडून नाही.

पुढच्या वर्षासाठी भाडेकरार त्याला आत्ताच पाठवला आहे आणि सर्टिफिकेटच्या आधी एन्डॉर्समेंटची प्रत मागितली आहे. नूतनीकरण त्याच्याकडे करायचं की दुसरा एजंट शोधायचा, हे प्रत आल्यावर कमिटी ठरवणार आहे.